मागचा डावा स्पीकर

जबलपुरात मराठी मंडळाचे सेक्रेटरी होऊन बघा. सभासद वर्षागणिक कमी होतात आणि किस्से वाढत जातात! मी अकरा वर्षं सेक्रेटरी आहे. दुसरं कोणी व्हायला तयार नाही म्हणून आहे, उगाच गैरसमज नको. कुठेही लग्नाकार्यात भेटलो की लोक म्हणतात, "ते वीज पडल्याचं सांगा ना!" मी सांगतो, ते हसतात. मला अलीकडे हसू येत नाही, पण सांगायची खोड काही जात नाही.

*

आधी मंडळात होम थिएटर आलं कसं, ते सांगतो. चेरीतालच्या आमच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी मराठी सिनेमा दाखवायचा, म्हणजे घरात हिंदी बोलणाऱ्या नातवंडांच्या कानावर मराठी पडेल, अशी कल्पना. नातवंडं आली नाहीत. आजी-आजोबा मात्र वेळेच्या आधी येऊन पंख्याखालच्या खुर्च्या धरू लागले.

सेट घेताना दुकानात आमचे अध्यक्ष वैरागडे, रेल्वेतून रिटायर झालेले, दुकानदाराला विचारू लागले, "ये फाइव्ह पॉइंट वन में पॉइंट वन कौन सा है?"

त्याने खालचा मोठा डबा दाखवला. "ये वाला, अंकल. बोलता कुछ नहीं, बस घुरघुराता है."

मागून कमिटीतले खानझोडे म्हणाले, "म्हणजे अध्यक्ष!"

वैरागडे पहिले तीन रविवार सिनेमाला फिरकले नाहीत.

*

पाच स्पीकर पाच घरांनी दिले. प्रत्येकावर पितळी पट्टी, "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ". पुढच्या तीन स्पीकरांसाठी इतकी भांडणं झाली की दोन घरांचं बोलणं अजून बंद आहे. मागचा डावा, चपलांच्या स्टँडच्या वरचा, कोणालाच नको होता. तो कुसुमकाकू देवतळ्यांनी घेतला. त्यांचे यजमान वामनराव इथल्या सरकारी फॅक्टरीत फिटर होते, त्याच वर्षी गेले. मूलबाळ नाही. काकू म्हणाल्या, "घरावर घरमालकाचं नाव आहे जी. यांचं कुठंतरी राहू द्या."

स्पीकर बसवणाऱ्याची वायर मागच्या डाव्यापर्यंत जाता जाता हातभर कमी पडली. "कल जोड़ देंगे भैया," म्हणून तो गेला. शिडी मीच धरली होती. त्याचा तो उद्या सहा वर्षं उगवला नाही.

पहिल्याच रविवारी काकूंनी मला विचारलं, "यांचा लागला नं?"

"लागला काकू! एकदम क्लिअर!"

लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, कारण तेवढ्यात चहा आला. काकू दर रविवारी त्याच स्पीकरखाली, चपलांशेजारी खुर्ची ओढून बसायच्या. कोणी पुढे बोलावलं तरी यायच्या नाहीत. मला वाटायचं, बरं झालं, बाईला काही कळलं नाही.

*

आता खानझोडे. हे फॅक्टरीत इलेक्ट्रिकलला होते आणि अर्थिंग या विषयावर त्यांना कोणी थांबवू शकत नसे. हॉलच्या मागे त्यांनी स्वतः खड्डा करवून घेतला, त्यात मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी. तुळशीला घालावं तसं रोज त्यात पाणी घालायचे. "इथं वीज पडली तर सरळ पाताळात जाते," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

सहाव्या वर्षी, गणपती उठले त्या आठवड्यात, भर दुपारी, शेजारच्या पाण्याच्या टाकीवर वीज पडली. धावत जाऊन पाहतो तर हॉलमध्ये धूर. टीव्ही गेला, ॲम्प्लिफायर काळा पडला, स्पीकरांमधून जळका वास. सगळे खानझोड्यांकडे बघू लागले. खानझोड्यांनी खड्ड्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं.

"अर्थिंग बरोबर होतं," ते म्हणाले. "वीज चुकीची पडली!"

*

तुम्ही म्हणाल, ढग आल्यावर प्लग काढायचा नाही का? काढायचा होता ना! तसा ठरावच होता. पण आम्ही सगळे जन्मभर सरकारी नोकरी केलेले, नुसता प्लग काढून आमचं भागत नाही. रजिस्टर आलं. तारीख, वेळ, "प्लग काढला", सही. दोन महिन्यांत ज्याची पाळी तो सोमवारी येऊन अख्ख्या आठवड्याच्या सह्या एकदम ठोकू लागला. वीज पडली त्या आठवड्याची पाळी माझी होती. सही ठसठशीत आहे, अजून बघायला मिळेल.

सेटचा विमा होता. पाहणीला साहेब आले, तेव्हा वैरागड्यांनी मोठ्या अभिमानाने तेच रजिस्टर पुढे केलं. साहेबांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"प्लग तो निकला हुआ था. फिर जला कैसे?"

वैरागडे गडबडले. "अरे साहब, वो तो हम ऐसे ही साइन करते हैं!"

साहेबांनी चहासुद्धा घेतला नाही.

*

मग नेपियर टाउनातून मेकॅनिक दुबे भैयांना बोलावलं. काय वाचलं, काय नवं घ्यायचं, हे बघायला. स्टुलावर चढून ते एकेक स्पीकर तपासत गेले. "ये गया. ये भी गया. ये तो भुन गया." खाली अख्खी कमिटी माना वर करून उभी. कुसुमकाकूही होत्या.

मागच्या डाव्याशी दुबे थांबले. "अरे, ये तो एकदम नया है! इसको कुछ नहीं हुआ! ए भैया, इसमें तो तार ही..."

मी स्टूल हलवलं. चांगलं जोरात हलवलं.

दुबेंनी भिंत धरून माझ्याकडे पाहिलं. माणूस धंद्यात मुरलेला. "हाँ... मतलब... किस्मत वाला है," ते म्हणाले.

वैरागड्यांनी तिथल्या तिथे हात जोडले. "वामनरावांची पुण्याई!" संध्याकाळपर्यंत बातमी मदन महलला पोचली होती. दोन दिवसांत बायका येऊन पितळी पट्टीला कुंकू लावून गेल्या. इतकी मोठी वीज, सगळे जळाले आणि वामनराव तेवढे वाचले! काकू नुसत्या वायर जिथे संपत होती त्या कोपऱ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, बाई गहिवरली.

*

नवा सेट घ्यायचं ठरलं आणि नावांचा प्रश्न आला. ठराव झाला की जळालेल्या स्पीकरच्या जागी जो नवा येईल, त्यावर जुनंच नाव लागेल. कोणाची तक्रार नाही. काकूंनी विचारलं, "मंग यांचं नाव नव्यावर लावून राहिले नं तुम्ही?"

वैरागडे समजावणीच्या सुरात म्हणाले, "काकू, ठराव जळालेल्यांचा आहे. तुमचा जळालाच नाही! मग त्याच्या जागी नवा कसा म्हणणार?"

"तर जुनाच राहू द्या भिंतीवर."

"तो नव्या सेटशी मॅच होत नाही, दुबे सांगून राहिले. चलो, असं करू, तो तुम्ही घरी घेऊन जा. मंडळाकडून सप्रेम!"

टाळ्या झाल्या. शाल आली, नारळ आला. नव्या मागच्या डाव्यावर वैरागड्यांच्या सासऱ्यांचं नाव लागलं. ते सासरे जबलपूरला आयुष्यात एकदा आले होते, तेही ट्रेन चुकली म्हणून.

मला एका वाक्यात सांगता आलं असतं, की बाबांनो, यात पुण्याई नाही, हा स्पीकर आपण कधी जोडलाच नाही. सहा वर्षं आपण या बाईला फसवलंय, निदान नाव तरी राहू द्या. मी ठराव लिहून घेतला. अक्षर नेहमीसारखं छान आलं.

*

त्यानंतर काकू हॉलवर आल्या नाहीत. महिन्याभराने त्यांचा निरोप आला, चहाला या. गेलो. दुबे भैयांनी छोटा ॲम्प्लिफायर आणून तो स्पीकर त्यांच्या टीव्हीला जोडून दिला होता. वामनरावांच्या फोटोखाली फळीवर तो ठेवलेला. काकूंनी माझ्या हातात चिवड्याची बशी दिली आणि टीव्ही लावला. बातम्या लागल्या, खणखणीत! खिडकीची काच थरथरू लागली.

मी म्हटलं, "वा, काकू!"

काकूंनी आवाज बंद केला. पदराने पितळी पट्टी पुसली. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या,

"सहा वर्षांनी तोंड उघडलं यानं. तुमचं कधी उघडते, सेक्रेटरीजी?"