सरबताचं ॲसिड

आमचे विज्ञानाचे सर कशावर म्हणता कशावरच विश्वास ठेवत नाहीत, आणि या एका खोडीपायी त्यांनी स्वतःचं, शाळेचं आणि मुख्याध्यापक या नात्याने माझं पार मातेरं करून ठेवलं. उभ्या राळेगाव तालुक्यात असा दुसरा माणूस दाखवा, मी आजच्या आज राजीनामा देतो. पुस्तकात छापलंय म्हणून एखादी गोष्ट खरी मानायची, हे त्यांच्या रक्तातच नाही. मीठ पाण्यात विरघळतं एवढं सांगायलाही ते सहावीची अख्खी पलटण हातपंपावर घेऊन जात. त्यांचं एक लोखंडी कपाट होतं. म्हणजे अजूनही आहे, पण आता त्याला कुलूप आहे, आणि ते कुलूप मी घातलंय. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी हसत हसत काही सांगितलं तर तुम्ही मला सुखी माणूस समजणार नाही.

आमच्या शाळेला प्रयोगशाळा नाही. ते कपाट हीच प्रयोगशाळा. गावातल्या डॉक्टरकडून मागून आणून उकळलेल्या इंजेक्शनच्या बाटल्या, सलाईनच्या नळ्या, पोट कोरून चंबू केलेले जुने बल्ब, पानठेल्यावरचा चुना, पापडखार, आणि जास्वंद घासून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या. ही पट्टी लिंबात बुडवली की गुलाबी होते, चुन्याच्या निवळीत बुडवली की हिरवी. त्यापायी सरांनी गावातल्या एकाही कुंपणावर जास्वंदीचं फूल म्हणून शिल्लक ठेवलं नाही. म्हाताऱ्या माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन यायच्या. मी सरांना बोललो, तर म्हणाले, देवाला रोज मिळतं, सहावीला वर्षातून एकदा. लग्नाला बोलवायची तर सोयच नाही. माझ्या पुतणीच्या हळदीला यांनी खिशातली चुन्याची डबी काढली आणि वाटीभर हळदीत बोटभर चुना कालवला. हळद लालभडक. बायकांनी तोंडाला पदर लावले, नवरदेवाची आत्या अपशकुन म्हणून रडायला लागली, आणि हे शांतपणे सांगतात की हळद अस्सल आहे, लावा बिनधास्त. त्या आत्याबाई माझ्याशी अजून बोलत नाहीत.

एकदा तालुक्याचे साहेब तपासणीला आले. सरांनी चुन्याच्या निवळीची बाटली आणि सलाईनची नळी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, फुंका साहेब. आता आमच्याकडे माणसाला नळीत फुंकायला एकाच कारणासाठी सांगतात, आणि तेही रस्त्यावर, पोलीस. साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. इकडेतिकडे पाहून त्यांनी बेतानेच फुंकलं, निवळी दुधासारखी पांढरी झाली, तेव्हा तर त्यांच्या कपाळावर घाम आला. हळूच विचारलं, यातून काय कळतं? सर म्हणाले, “तुम्ही जित्ते आहा, एवढंच.” वर्ग खदाखदा हसला. साहेब चहा न घेता गेले, आणि मला तेव्हाच कळून चुकलं की हा न घेतलेला चहा आपल्याला महागात पडणार.

झालं ते असं. पोळा होऊन गेला होता, ऊन नुसतं चटचट भाजत होतं, आणि सहावीला आम्ल आणि आम्लारी हा धडा होता. सरांनी लिंबू पिळलं, पट्टी गुलाबी करून दाखवली, आणि मग साखर घालून त्याच लिंबाचं सरबत अख्ख्या वर्गाला पाजलं. एका मुलीने विचारलं, आम्ल म्हणजे ॲसिडच ना सर? सर खूश होऊन म्हणाले, शाब्बास, आता तू ॲसिडच पिते आहेस. ती मुलगी घरी गेली आणि कौतुकाने आईला म्हणाली, “आज सरनं आमाले ॲसिड पाजलं. लय गोड होतं.”

गावात ॲसिड म्हणजे संडास साफ करायची बाटली. अर्ध्या तासात शाळेच्या पटांगणात गाव जमा झालं. एका पोराच्या पोटात दुखायला लागलं. ते एरवी रोज गणिताच्या तासाला दुखतं, पण त्या दिवशी कोण ऐकून घेतो? सरांनी उरलेल्या सरबताचा जगच तोंडाला लावून सगळ्यांसमोर गटागटा संपवला. लोक म्हणाले, तो सायन्सवाला आहे, त्याले पचते. मुलीचा बाप वावरातून तसाच धावत आला होता, पाठीवर फवारणीचा पंप, तोंडाला रुमालसुद्धा नाही. सरांनी त्याला विचारलं, पंपात काय आहे? तो म्हणाला, औषध.

मी सरांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. “ज्यानं माणूस मरते त्याले तुमी औषध म्हणता, अन् सरबताले ॲसिड म्हटलं तं माह्या अंगावर येता?”

मला वाटलं, लागलं बरोबर. पण तो बाप फक्त एवढंच म्हणाला, “नावाचं राहू द्या सर. पोरगी माही हाये.”

मुलांना काहीएक झालं नाही. डॉक्टरांनी तपासून हसत घरी पाठवलं. पण दुसऱ्या दिवशी साहेब आले, आणि या वेळी चहा घेतला, अगदी सावकाश. जाताना लेखी आदेश ठेवून गेले: यापुढे कोणतेही प्रयोग प्रत्यक्ष न करता टीव्हीच्या पडद्यावर दाखवावेत. मी सही केली. माणसाने बाणेदार असावं वगैरे मी परिपाठात सांगतो, ते सोडा. संध्याकाळी सर ऑफिसात आले, उभेच राहिले. म्हणाले, “कपाट ठेवा तुमच्याकडे. निदान जास्वंद राहू द्या. फुलानं कोणाचं काय बिघडते?” मी त्यांना आदेशातल्या ‘कोणतेही’ या शब्दावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी तो शब्द दोनदा वाचला आणि गेले.

तेव्हापासून सर कोणाशी भांडत नाहीत. हळदीला गेले तर जेवून परत येतात. म्हाताऱ्यांना पूजेला फुलं मिळतात. सहामाहीला विज्ञानाचा निकाल कधी नव्हे इतका चांगला लागला. मी अभिनंदन केलं, तर त्यांनी मान हलवली. असा शहाणासुरता सर मी इतकी वर्षं देवाजवळ मागत होतो, आणि आता तो समोर आला की मला त्याच्याकडे बघवत नाही.

परवा मी व्हरांड्यातून जात होतो. पडद्यावर कुणाचे तरी गोरे, स्वच्छ हात निळा कागद तांबडा करत होते. तीच मुलगी उठून उभी राहिली. “सर, हे खरंच असं होते काय?”

मी थांबलो. वाटलं, आता हा माणूस उसळणार, लिंबू मागणार, कपाट उघडा म्हणून माझ्या अंगावर धावून येणार. आणि देवाशपथ, त्या क्षणी मी उघडलं असतं. सरांनी पडद्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या माझ्याकडे पाहिलं.

“होते बेटा,” ते म्हणाले. “लिहून घे.”

मुलं भराभर लिहून घेऊ लागली. एकानेही मान वर केली नाही.