तीन पेले ग्लुकोज

मी यंत्रमाग कामगारांची पत्रकं लिहितो. दुखणं कुठलंही असो, मला त्यामागं मालक दिसतो. म्हणून नात्यातल्या एका लग्नाचं जेवण होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला अंथरुणातून उठता येईना, तेव्हा कारण शोधायला मला क्षणही लागला नाही.

"बारा-बारा तास मागावर उभं केल्यावर दुसरं काय होणार!" भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत मी ओरडलो.

"लई दमलाय की रं," आई म्हणाली. "गोड पाज कायतरी."

आमच्यात अशक्तपणावर औषध एकच, साखर. आदल्या दिवशी पंगतीतल्या आग्रहापायी दादानं भात आणि बुंदी दाबून खाल्ली होती. तरी मी कोपऱ्यावरून ग्लुकोजचा पुडा आणला आणि लागोपाठ तीन पेले पाजले. तासाभरात त्याचे हातही गळाले.

"पुढारी," दादा पडल्या पडल्या म्हणाला, "घोषणा दे. बघू पाय उठतात का."

सरकारी दवाखान्यात मी डॉक्टरबाईंना सुनावलं, "पिळवणूक झालीय, लिहून घ्या!" त्यांनी दादाकडून सकाळची हकीकत ऐकली, मग रक्ताचा रिपोर्ट पाहिला. पोटॅशियम फार उतरलं होतं.

"ग्लुकोज कुणी दिलं?"

"मी."

माझ्याच पत्रकाच्या पाठीवर त्यांनी चित्र काढलं. पेशीच्या पडद्यात प्रथिनांची दारं असतात. दाराला एक दांडा, त्यावर ओळीनं धन भार. पडद्यावरचा विजेचा दाब बदलला की दांडा सरकतो, दार उघडतं, भारित कण आत जातात आणि स्नायू आवळतो.

"यांच्या दांड्यातला एक भार नाहीसा झाला असावा. तिथल्या फटीतून कण झिरपतात. एरवी भागतं. पण भात-साखर जास्त झाली की रक्तातलं पोटॅशियम पेशींत ओढलं जातं. मग तेवढी गळतीसुद्धा स्नायूला पेलत नाही. तो हुकूमच ऐकत नाही."

"म्हणजे मी..."

"हो. वाढवलंत."

पुढं जनुकीय तपासणीनंही तेच सांगितलं.

"माझ्याकडनं आलं का हो बाई हे?" आईनं विचारलं.

"आलं असेल. दोष कुणाचाच नाही."

दोष कुणाचाच नाही! इतकं संतापजनक वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मागावरचे बारा तास खोटे नव्हते, आजही नाहीत. पण त्या भार हरवलेल्या दांड्यावर मोर्चा कुठून न्यायचा?

पोटॅशियमच्या औषधानं दादा त्या पहिल्या दिवशी संध्याकाळीच उभा राहिला होता. तेव्हापासून रोज सकाळी मी विचारतो, "अंगठा?" तो पायाचा अंगठा हलवून दाखवतो, वर म्हणतो, "हजर, पुढारी."

काल घरी पाहुणे होते. आईनं त्याच्या ताटात बुंदी वाढली नाही, भातही बेतानंच. मी स्वतः पाहिलं.

आज सकाळी विचारलं, "अंगठा?"

अंगठा हलला नाही. मी पोटॅशियमचं औषध पेल्यात ओतलं, त्याची मान उचलून धरली आणि पेला ओठांना लावला.