सगळ्यांत हळू ती पुढे

मला कुणाबरोबर धावायचंच नव्हतं. जव्हारच्या कापडदुकानदाराची मुलगी, लग्नाचं वय उलटलेली, ट्रॅक पॅंट घालून रस्त्यावर धापा टाकते आहे, हे कुणाच्या नजरेस पडू नये एवढीच माझी इच्छा. कंत्राटी नोकरीसाठी मी मोखाड्यात खोली घेऊन राहत होते आणि वनरक्षक भरतीची ती माझी शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी वय बसणार नव्हतं. लेखीची भीती नव्हती. भीती होती ती तीन किलोमीटर धावण्याची. पोशेऱ्याच्या रस्त्याला चढ लागला की मी थांबायचे, आणि थांबले की मागे फिरायचे. रोज.

त्याच रस्त्यावर त्याच भरतीसाठी चार बायका धावायच्या, आसपासच्या पाड्यांवरच्या. एके सकाळी त्यांतली थोरली, दोन लेकरांची आई, थांबून म्हणाली, "एकली काय धावतेस, बाय? आमच्यात ये. तू फुडं र्‍हा."

मला पुढे! मी म्हणजे हुरळलेली मेंढीच. जव्हारची, शिकलेली म्हणून मान दिला असं समजून ऐटीत पुढे धावू लागले. एकामागे एक, एका ओळीत. आठवडाभर मी त्या चौघींची पुढारीण होते. आईला फोन करून सांगितलंसुद्धा.

मग एकदा पाणी पिताना उगाच विनय दाखवत म्हटलं, "आज दुसरं कुणी पुढे राहा."

"नको," थोरली म्हणाली. "मोळ्या घेऊन डोंगर उतरताना जी सगळ्यात हळू, तिला आमी फुडं ठेवतो. मागं ठेवली तर कधी पडली कळतच नाय."

बाकीच्या तिघी हसल्यासुद्धा नाहीत. त्यांच्या लेखी त्यात हसण्यासारखं काही नव्हतंच. माझा मात्र पारा चढला. चार दिवस मी पुन्हा एकटी धावले. पाचव्या दिवशी चढावर पोटरीत गोळा आला, रस्त्याच्या कडेला बसले, आणि लक्षात आलं की इथे तासभर बसून राहिले तरी कुणाला पत्ता लागणार नाही. थोड्या वेळाने त्या आल्या. थोरलीने पोटरी रगडून दिली आणि मी उठायची वाट पाहत चौघी मागे उभ्या राहिल्या. मी रुसवा गिळला आणि धावायला लागले.

त्यानंतर चढावर थांबणं बंद झालं. मी थांबले की मागे चौघींना थांबावं लागणार, एवढी शरम पुरेशी होती. शिवाय मागून पावलं वाजत असली की चढही तितकासा चढ वाटत नसे.

चाचणीला थोरली आणि मी एकाच तुकडीत आलो. वयाच्या हिशेबाने तिचीही ती शेवटचीच खेप. शिट्टी वाजली, बाकीच्या मुली भरधाव सुटल्या, आणि मला मागे ओळखीची पावलं ऐकू आली. माझ्यापेक्षा कितीतरी जोरात धावणारी बाई, धावायला लागलेल्या वेळेवरून गुण मिळणार असताना, माझ्या मागे!

"पुढे जा!" मी ओरडले.

"तू चाल."

"अगं, गुण जातील तुझे!"

"बोलू नको. दम जाईल."

मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. आता मी हळू धावले तर मी बुडणार होतेच, तिलाही बुडवणार होते. मग धावले, आयुष्यात कधी धावले नव्हते तशी. सुरुवातीला उधळलेल्या दोघीतिघी शेवटच्या फेरीत कमरेवर हात ठेवून चालत होत्या, त्यांना आम्ही मागे टाकलं. रेषेपलीकडे दोघी मातीतच आडव्या झालो.

"वेडी आहेस का तू?" मी विचारलं.

"सवय झाली ना," ती ओशाळून म्हणाली. "पाय फुडं जायलाच तयार नाय."

टेबलामागचे साहेब वेळा वाचू लागले. तिचा क्रमांक पुकारला. वेळेत बसत होती. मला इतकं हुश्श झालं की रडूच कोसळलं.

साहेब चष्म्यावरून पाहत म्हणाले, "रडता कशाला, ताई? तुमचा नंबर अजून वाचायचाय."

ती माझ्या मागून आली होती, म्हणजे मी पास होतेच. हे माझ्या डोक्यात फार नंतर आलं.