गाळासकट परत

आमच्या भूगोलाच्या सरांचा एक नियम होता. सुट्टीत गावी गेलेल्या प्रत्येकाने येताना आपल्या गावच्या तळ्याचं पाणी बाटलीत भरून आणायचं. वर्ष संपलं की तेच पाणी परत न्यायचं आणि त्याच तळ्यात ओतायचं, गाळासकट. दुसऱ्या तळ्यात ओतलेलं सरांना चालत नसे.

मी मराठवाड्यातल्या एका लहान गावातून हैदराबादेत तारनाक्याला शिकायला आले, तेव्हा देशात सगळंच नवं होऊ लागलं होतं. होस्टेलच्या टीव्हीवर नव्या वाहिन्या, मुलींच्या तोंडी कॉम्प्युटरचे क्लास. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. वर्गातलं इंग्रजी मला कळत नसे आणि विचारायची लाज वाटे. सरांचं घराणं हैदराबादेतलं जुनं, मराठी. त्यांच्या ते लक्षात आलं. संध्याकाळी घरी बोलावून ते मला तोच धडा मराठीत समजावून सांगू लागले, आणि त्यांच्या पत्नीने, काकूंनी, मला त्या घरातून कधी उपाशी जाऊ दिलं नाही.

मी पाणी आणलं ते खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत. वर्गात एक मुलगा ओरडला, "अरे, ये तो सिरप लाई रे!" सगळे हसले. सरांनी बाटली खिडकीत ठेवली. "ठैरो," ते म्हणाले, "मट्टी बैठने दो."

गाळ बसल्यावर त्यांनी मला पुढे बोलावलं. तळाशी वाळू, तिच्यावर काळ्या मातीचा जाड थर. "वरच्या शेतांची माती वाहून येतेय. झाडं तोडली का गं कुणी?" तोडली होती. माझ्या गावाबद्दल कुणी काही विचारावं, असं त्या शहरात पहिल्यांदाच घडत होतं.

त्या खिडकीसमोर आम्ही तळी शिकलो. बर्फाने कोरलेली, नदीने वळण बदलून मागे सोडलेली, समुद्राशेजारची खारी. आणि आपली दख्खनची, माणसांनी बांध घालून केलेली. एक भरलं की सांडव्यावरून दुसऱ्यात, दुसरं भरलं की तिसऱ्यात. सर म्हणायचे, "ही तळी एकमेकांच्या भरवशावर असतात. मधलं एक गेलं, तर वरचं घरात शिरतं आणि खालचं कोरडं पडतं."

सरांच्या घरामागेही असंच एक तळं होतं. बांधाला तिथे सगळे कट्टा म्हणायचे. बतुकम्माच्या सणात बायका फुलांचे मनोरे तिथे पाण्यात सोडायच्या. काकूही जायच्या, तेलुगू गाणी त्यांना पाठ होती. सरांची स्वतःची बाटली त्याच तळ्याची. जूनमध्ये भरायची, उन्हाळ्याआधी परत ओतायची.

मी शिकून हैदराबादेतच नारायणगुड्यातल्या शाळेत शिक्षिका झाले, आणि त्याच सुमारास सरांच्या तळ्यावर भरावाच्या मातीची पहिली लॉरी आली. उन्हाळा होता, पाणी आटत पार मधोमध गेलेलं. बाहेरून आलेल्या लोकांना ते मोकळं मैदान दाखवून प्लॉट विकले जात होते. उन्हाळ्यात दिसणाऱ्या जमिनीला जमीन म्हणू नये, हे त्यांना कोण सांगणार? सर सांगायला गेले. लॉरीवाल्याच्या मुकादमाने त्यांना नमस्कार केला आणि म्हणाला, "मास्टरसाब, पानी का इत्ता शौक है तो घर में हौज बना लो."

सर कचेऱ्यांतून फिरले. कुणी खुर्ची दिली, कुणी चहा. लॉऱ्या येत राहिल्या. पुढच्या वर्षी उन्हाळ्याआधी सरांनी बाटली परत ओतली नाही. "इतक्यात नको," ते काकूंना म्हणाले, "पाणी येऊ दे." मग अंगणातली विहीर आटली. मग तळ्याच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. बाटली खिडकीतच होती. सर गेले तेव्हाही.

त्यानंतर काकूंचा मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. घर विकलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी मला बोलावलं. सामान बांधून झालं होतं, फक्त बाटली खिडकीत होती.

मी म्हटलं, "काकू, मी नेते. माझ्या गावच्या तळ्यात सोडते."

"तुझ्या गावचं आहे का ते?" काकू म्हणाल्या. "चल माझ्याबरोबर."

कट्ट्यावर आता डांबरी रस्ता होता. त्याच्या पलीकडे फाटक आणि फाटकाशी वॉचमन. "किधर जाना अम्मा?"

"तालाब को."

"यहाँ कां का तालाब, अम्मा?"

"तेरे पाँव के नीचे का, बाबा."

तो हसला, मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. आत सगळी फरशी. काकू बाटली धरून फिरत राहिल्या. कुठे ओतलं तरी पाणी गटारात गेलं असतं. शेवटी वॉचमननेच भिंतीकडच्या जास्वंदीच्या वाफ्याकडे बोट केलं. "वां मट्टी है, अम्मा."

काकू वाकल्या. बूच काढण्याआधी त्यांनी बाटली जोराने हलवली, इतकी वर्षं तळाशी बसलेला गाळ वर येईपर्यंत. मग ओतली. तरी थोडा गाळ काचेला चिकटून राहिला. "जरा पाणी दे रे," त्या वॉचमनला म्हणाल्या. त्याने आपल्या प्लास्टिकच्या बाटलीतलं विकतचं पाणी त्यांच्या बाटलीत घातलं. काकूंनी ती खळबळून पुन्हा ओतली. काच स्वच्छ झाली.

पाणी लगेच मुरलं. वाफ्यातल्या तांबड्या मातीवर तेवढा काळा डाग राहिला. काकू त्याच्याकडे बघत उभ्या होत्या.

"यांचं एक काम राहिलं होतं," त्या म्हणाल्या आणि रिकामी बाटली माझ्या हातात दिली.

मी ती घेतली. माझ्या शाळेतल्या मुलींना मी तळी शिकवते. पण येताना पाणी घेऊन या, असं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांतल्या कितीजणींना ते परत ओतता येईल, मला ठाऊक नाही.