तेवीस तासांचे बूट

डॉक्टर म्हणून माझी कीर्ती दोन गोष्टींसाठी आहे. मी प्लास्टर चांगलं घालते आणि रागावते फार. पहिली ऐकून लोक येतात, दुसरी ऐकून वेळेवर येतात. माझं घर आणि दवाखाना माळव्यात, देवासला. दर गुरुवारी मात्र मी लहान मुलांचे पाय तपासायला धारला जाते. पार कुक्षीकडचे आईबाप लेकरं कडेवर घेऊन आलेले असतात आणि दाराशी ‘ओ भिया, लाइन से’चा गलका चाललेला असतो.

अशाच एका गुरुवारी धारमधल्याच एका मराठी घरातलं बाळ माझ्यापुढे आलं. मुलगा, सतरा दिवसांचा. उजवं पाऊल घोट्यापासून आत वळलेलं, टाच वर ओढलेली, तळवा डाव्या पायाकडे तोंड करून. मी पाठ, कंबर, दुसरा पाय सगळं चाचपून पाहिलं. बाकी बाळ ठणठणीत होतं. आई बाविशीची असेल. शाळा हिंदीत झालेली, त्यामुळे मराठी बोलताना मधेच शब्द शोधायची.

“मॅडम, ग्रहणात मी अंगणात गेली होती. उस वजह से झालं का?”

“नाही,” मी म्हटलं. “तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही. आणि हे पाऊल सरळ होणार आहे. फक्त मी सांगेन ते ऐकायचं.”

तिने ऐकलं. दर गुरुवारी आली. मी पाऊल हातात घेऊन हळूहळू बाहेर वळवायची आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालायची, पुढच्या आठवड्यात ते काढून आणखी थोडं वळवायची. सहा प्लास्टरं झाली. मग टाचेमागच्या ताठ शिरेला बारीकसा छेद दिला आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवलं. ते काढलं तेव्हा दोन्ही पावलं सारखी दिसत होती. बाळाच्या बापाने खिशातून पेढे काढले. मी पेढा घेतला आणि त्याला बजावलं, “खरं काम आता सुरू होतंय.”

खरं काम म्हणजे बूट. चामड्याचे दोन छोटे बूट, मधे धातूची पट्टी, पावलं बाहेर वळलेली धरून ठेवणारी. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास घालायचे, अंघोळीपुरता एक तास काढायचे. त्यानंतर फक्त झोपेत, चार वर्षांचा होईपर्यंत. हाड कोवळं असतं म्हणून वळतं, आणि कोवळं असतं म्हणूनच फिरून वाकडं होतं. हे मी प्रत्येक आईला सांगते. तिलाही सांगितलं, चिठ्ठीवर लिहून दिलं.

दोन महिन्यांनी पाऊल पुन्हा आत वळायला लागलं होतं.

“बूट घालतेस ना?”

“हो मॅडम. पूरे टाइम.”

मी बूट हातात घेतले. रोज तेवीस तास घातलेल्या बुटाच्या पट्ट्याचं भोक ताणलं जातं, कातडं वाकून मऊ पडतं, आत घामाचा डाग पडतो. हे बूट जवळजवळ नवेच होते. माझा पारा चढला. भरल्या ओपीडीत मी तिला फाडफाड बोलले. इतकी प्लास्टरं फुकट गेली, आता पाऊल असंच राहिलं तर उद्या मोठं ऑपरेशन करावं लागेल, तरी ते कडकच राहील, जन्मभर पोराला लंगडत ठेवायचंय का तुला? डॉक्टरकडे येऊन ताकाला जाऊन भांडं लपवायचं कशाला? ती रडली नाही. खाली मान घालून बाळाचा पाय चोळत बसली.

बोलला तो नवरा. “मॅडम, क्या है ना, आमच्याकडे सोवळ्याचं जरा जास्त आहे. घरचंच मंदिर आहे. पप्पा पूजा करतात.”

मग सगळं बाहेर आलं. सासू हयात नाही. घरात बाई म्हणजे ही एकटीच. नैवेद्याचा स्वयंपाक सोवळ्यात हीच करणार. बाळाला बाहेरच्या खोलीत एकटं टाकता येत नाही, म्हणून ते स्वयंपाकघरात तिच्या नजरेसमोर. आणि स्वयंपाकघराला लागून देवघर. तिथे चामड्याचे बूट कसे न्यायचे? सकाळी स्वयंपाकाला लागताना ती बूट काढायची ते नैवेद्य होईपर्यंत. संध्याकाळी आरतीच्या वेळी पुन्हा. मधे बाळ रडलं, झोपलं की घालायचे राहून जायचे.

मला माझीच लाज वाटली. देवासला माझे वडील कमरेचा चामडी पट्टा खुंटीला अडकवून मगच पानावर बसत. अशाच घरात मी वाढले. तरी मी त्या मुलीला दूध किती पाजतेस ते विचारलं, अंघोळ कधी घालतेस ते विचारलं, पण बाळ दिवसभर कुठे निजतं हे विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

“तुझी चूक नाही,” मी सगळ्यांदेखत म्हटलं, कारण बोललेही सगळ्यांदेखतच होते. “ओपीडी संपली की मी तुमच्या घरी येते.”

दुपारी गेले. चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, हातपाय धुतले. सासरे सत्तरीच्या पुढचे, किडकिडीत, अंगावर पंचा. ती त्यांना मामंजी म्हणत होती. आता हा शब्द आमच्याकडच्या फारच थोड्या घरांत ऐकू येतो.

“बसा, बाई,” ते म्हणाले. “बाळासाठी तुम्ही फार कष्ट घेतलेत.”

मी सरळ मुद्द्यावर आले. बूट पायात राहिले नाहीत तर काय होईल, ते न रागावता सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“पण चामडं देवाजवळ कसं चालेल?”

“मृदंगाला चामडंच असतं. तो तुमच्या देवळात वाजतोच की.” हा मुद्दा मी रिक्षात बसल्या बसल्या शोधला होता आणि त्यावर भलतीच खूश होते.

“मृदंग कोणी पायात घालत नाही, बाई.”

मी दुसरा मुद्दा जुळवत होते, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून तिचा आवाज आला.

“मामंजी, मी बाहेरच्या खोलीत राहते. जोपर्यंत बाळ आत नाही येऊ शकत, तोपर्यंत मी पण आत येणार नाही.”

“आणि स्वयंपाक? नैवेद्य?”

“ते तुम्ही बघा.”

नवरा भिंतीकडे बघायला लागला. त्या घरात असं कोणी बोललं नसावं. म्हाताऱ्याने पंचा सावरला, एकदा सुनेकडे, एकदा बाळाकडे पाहिलं.

“भात येतो मला,” ते म्हणाले. “वरण शिकावं लागेल.”

पुढच्या गुरुवारपासून आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. आणखी तीन प्लास्टरं घातली. मी एकदाही आवाज चढवला नाही आणि तिने एकही गुरुवार चुकवला नाही. मग पुन्हा बूट, पुन्हा तेवीस तास. महिन्याने ती दाखवायला आली तेव्हा मी घरची चौकशी केली. हसून म्हणाली, “वरणात नमक नसतं मॅडम, पण बूट पायात असतात.”

तीन महिने पुरे झाले त्या दिवशी ती आली तर बरोबर सासरेही होते. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. मी बूट काढून पाऊल हातात घेतलं. वर वाकवलं, बाहेर वळवलं. जिथे जायला हवं तिथे ते सहज जात होतं. मला इतका आनंद झाला की मी उगाच दोनदा तपासलं.

मग नेहमीप्रमाणे म्हटलं, “आता बूट घालून दाखवा.” प्रत्येक घराला मी हे करायला लावते, कारण पट्टा ढिला असेल तर सगळं व्यर्थ. मी तिच्याकडे बघत होते. बूट उचलले सासऱ्यांनी. गुडघा वाकवून त्यांनी टाच आत बसवली, ती खाली टेकली की नाही ते बोटाने पाहिलं, मधला पट्टा आधी आवळला, मग बाकीचे. बाळ त्यांची टोपी ओढत होतं आणि त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं.

“हे कधी शिकलात?”

“सूनबाईला मधे ताप आला होता. मुलगा कामावर. बाळाची अंघोळ झालेली, तास संपत आला होता. मग काय करणार?”

“चामड्याला हात लागला म्हणून नंतर स्नान केलंत?”

“केलं. तिचा ताप उतरला, तरी मग मीच घालत राहिलो. आठ दिवस दर वेळी स्नान केलं.” त्यांनी बाळाच्या मुठीतून टोपी सोडवली. “नवव्या दिवशी सर्दी झाली. मग म्हटलं, देवालाही पाय आहेत, त्याला कळेल.”

मी हसले, तीही हसली. मग मी त्यांना पुढचं सांगितलं. आता दिवसा पाय मोकळे, बूट फक्त झोपेत, पण चार वर्षांचा होईपर्यंत एकही रात्र चुकवायची नाही. दोघांनी माना डोलावल्या. चिठ्ठी घ्यायला ती पुढे झाली, तेवढ्यात सासरे तिला म्हणाले, “सूनबाई, देवघराशेजारच्या खोलीत माझं अंथरूण आहे, तिथेच याचं घालू. रात्री उठून पट्टे मी बघेन. तू आता आत ये, आणि झोप जरा.”

मी इतकं बोलले होते तेव्हा न रडलेली ती मुलगी तिथे, चिठ्ठी हातात धरून, रडायला लागली.