निरोपाची बत्तिशी

त्या लॅबमध्ये कवळ्या बनत. दातांचे डॉक्टर हिरड्यांचे ठसे पाठवत, प्लास्टरमामा त्यावरून साचे ओतत, मावशी मेणात दात बसवत, आणि सगळं पार पडून कवळी शेवटी चकाकीच्या टेबलावर येई. चकाकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण पॉलिशच्या चाकावर तिनं धरलेली कवळी अशी काही झळकायची, की मालकांनी हे नाव पाडलं आणि घरी नवराही त्याच नावानं हाक मारायला लागला. कामाला वाघ, बोलायला गोड, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. म्हणून तर तिनं जे केलं ते कुणाला सांगून खरं वाटलं नसतं.

झालं असं, की नवऱ्याची नोकरी सुटून वर्ष होत आलं होतं. परदेशातल्या एका लॅबला दात बसवणारी कारागीर हवी आहे, असं नणंदेनं कळवलं. दात बसवणारी, बरं का, पॉलिश करणारी नव्हे. कामाचे फोटो पाठवायचे होते. आता चकाकीला दात बसवता येत नव्हते असं नाही. पण तिनं बसवलेले पुढचे दात कवायतीला उभे केल्यासारखे दिसत. मावशी मात्र सुळ्याशेजारचा एक दात हमखास जरासा तिरका करत. "देवानं कुणाला फूटपट्टी लावून दात दिलेत गं?" म्हणत. तेवढ्यानं ती कवळी माणसाच्या तोंडातली वाटे.

चकाकीनं मावशींच्या कामाचे फोटो काढले. पॉलिश तर आपलंच आहे ना, अशी मनाची समजूत घातली. नवरा म्हणाला, "दातांवर काय कुणाचं नाव कोरलेलं असतं?" फोटो गेले आणि नोकरी आली.

एवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ ठीक होतं. पण एकदा डबा खाताना मावशीच म्हणाल्या, "अगं, मला घेतील का गं ते? एकटा जीव माझा, कुठंही राहीन. विचारून तर बघ."

"विचारते ना मावशी," चकाकी पटकन बोलून गेली.

विचारणार कसली! मावशी फोटो पाठवणार, तोच तिरका दात तिथं दुसऱ्यांदा दिसणार, आणि हिचं पितळ उघडं पडणार. त्यानंतर मावशी जवळ आल्या की ती चाक सुरू करायची. त्या घरघरीत कुणाचं काही ऐकू येत नाही, ही फार मोठी सोय होती.

शेवटचा दिवस उजाडला. लॅबची एक रीत होती. जो जाईल त्यानं सगळ्यांसमोर बसून, एकट्यानं, जुन्या साच्यावर वरचे पुढचे दात बसवायचे. बाकीच्यांनी चहा पीत टोमणे मारायचे, पण कामाला बोट लावायचं नाही. ती निरोपाची बत्तिशी मग खिडकीवरच्या फळीवर कायमची राहायची. चकाकीनं आज हात दुखतोय म्हणून बघितलं, पण मालक ऐकेनात.

"परदेशी निघालेला हात आहे हा! आम्हाला दाखव तरी," असं म्हणून त्यांनी मोबाइल काढला. "हे बघा सगळे. या कामावर भाळले बरं ते लोक!"

नोकरी लागल्याच्या आनंदात तिनंच हौसेनं मालकांना पाठवलेला, मावशींच्या कामाचा तो फोटो. मोबाइल या हातातून त्या हातात फिरत मावशींकडे गेला. मावशींनी चष्मा कपाळावर ढकलला, मोबाइल डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ बघितलं.

"छान आलाय फोटो," एवढंच म्हणून त्यांनी मोबाइल पुढं दिला.

चकाकी दिव्यावर मेण तापवायला लागली. धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं होतं. डोळे भरून येत होते, आणि दात काही केल्या ताठच उभे राहत होते.

"अरे, रडतेय ती!" प्लास्टरमामा हळहळले. "फार जीव लावलाय पोरीनं लॅबला. आणा रे, पाणी आणा."

सगळ्यांचे चेहरे पडले. त्या मायेनं तिला आणखी लाज वाटली. तेवढ्यात मावशी उठल्या, तिच्या हातातली मेणाची सुरी काढून घेतली, मेण मऊ केलं आणि सुळ्याशेजारचा दात जरासा फिरवला.

"मावशी, रीत मोडली!" मालक ओरडले.

"मोडू दे. रोज रोज थोडीच कुणी जातंय," मावशी म्हणाल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

पांगापांग झाल्यावर मावशी मोरीत कप विसळत होत्या. चकाकी मागं जाऊन उभी राहिली.

"मावशी, तो फोटो…"

"माझा दात मी ओळखणार नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुझ्या लेकीचं नाव शाळेतून काढलंयस, इथलं बिऱ्हाड मोडलंयस. आता कुठं जाशील?" मावशींनी नळ बंद केला. "पण एक खरं सांग. माझं तू विचारलं होतंस का गं?"

चकाकीनं मान हलवली. नाही.

मावशींनी विसळलेले कप पालथे घातले. "मला आपलं वाटत होतं, त्यांनी नको म्हटलं असणार. आणि मला वाईट वाटेल म्हणून तू सांगत नाहीस. म्हणून मीही पुन्हा विचारलं नाही. म्हटलं, उगाच पोरीला कशाला अवघडायचं."

त्यापेक्षा त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. चकाकीला माफी मागायची होती, पण तिची दातखीळच बसली.

मावशींनी पदराला हात पुसले. "चल, जायच्या आधी ते चाक कसं धरायचं तेवढं दाखव मला. उद्यापासून पॉलिशही मलाच बघायचंय."