दोष जोड्याचा

माझे काका मोची होते आणि हट्टी होते. गिऱ्हाईक लंगडत आलं की म्हणत, "पाय देवानं घडवला, जोडा माणसानं. दोष जोड्याचाच." हेच वाक्य त्यांना भोवलं.

दुकानाकडे चालताना त्यांची उजवी पोटरी आवळून यायची. मग काका वाटेतच एखाद्या पायरीवर बसत, सिगारेट पेटवत, जोडा काढून टाच ठोकत. तेवढ्यात पोटरी मोकळी व्हायची. "बघ, जोडाच होता," असं मलाच ऐकवत. दुखणं थांबायचं ते बसल्यामुळे, पण त्यांना सांगणार कोण? काकू सांगून थकली होती.

पुढे त्याच पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती काही केल्या भरेना. अंगठा काळा पडला तेव्हा कुठे काका दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पावलावर बोटं ठेवून नाडी शोधली, ती लागली नाही. "पायाकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या बुजल्यात. सिगारेट सोडा, हृदयाच्या वाहिन्याही अशाच असतील," ते म्हणाले. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

काका पुन्हा दुकानात बसू लागले, तेव्हा एक जुनं गिऱ्हाईक आलं. "चालताना पोटरी धरते, थांबलं की सुटते. जोडा जरा सैल करून द्या."

काकांनी जोड्याला हातही लावला नाही. "आधी डॉक्टरांना पाय दाखवा."

"पाय देवानं घडवला, असं तुम्हीच म्हणायचात ना?" गिऱ्हाईक हसलं आणि जोडा घेऊन समोरच्या दुकानात गेलं.